मोडीचं वेड आणि बारावीचं वर्ष

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ते थोडक्यात देते.

मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला. साडेचार वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. बोलायला उशिरा लागला, पण लागला तो वाचतच. आईनं नोकरी सोडली, रोज शेजारी बसून अभ्यास घेतला, नेहमीच्या शाळेतच त्याला टिकवलं. दहावीला ६८ टक्के पडले तेव्हा गल्लीत पेढे वाटले. निदानाचं मात्र कुणालाच सांगितलेलं नाही. शाळेला नाही, सासरच्यांना नाही, खुद्द मुलालाही नाही. 'फाइल माझ्या लग्नातल्या शालूखाली आहे,' असं त्या लिहितात.

दोन वर्षांपूर्वी पणजोबांच्या ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेला जुन्या कागदांचा रुमाल निघाला. गहाणखतं, पावत्या, काही पत्रं, सगळं मोडी या जुन्या मराठी लिपीत. मुलानं कुठून तरी एक पुस्तिका मिळवली, महिनाभरात मोडी शिकला आणि तेव्हापासून त्या कागदांतच असतो. लग्नाकार्यात कुणी भेटलं की आधी विचारतो, 'तुमच्याकडे जुने कागद आहेत का?' नातेवाईक हसतात. सहामाहीत दोन विषय गेले. तेव्हा वडिलांनी रुमाल कपाटात घालून कुलूप लावलं. 'बोर्डाची परीक्षा झाली की मिळेल.' त्याला अडीच आठवडे झाले. मामाचं म्हणणं उलटंच आहे. याला कुणबी नोंदी शोधायच्या कामाला लावा, पानामागे पैसे मिळतील.

आई विचारतात: हे वेड बारावीपुरतं तरी कसं थांबवू? इंजिनिअरिंग झेपलं नाही तर याचं काय होणार? हा पुण्याच्या होस्टेलवर राहील का? आणि कॉलेजला ऑटिझमचं सांगायचं की नाही? सांगितलं तर दारातूनच परत पाठवतील अशी भीती वाटते.

ताई,

आधी रुमाल परत द्या. आजच द्या. बाकीचं मग सावकाश बोलू.

देताना 'आता अभ्यास कर हं' असं म्हणू नका. बक्षीस म्हणून देऊ नका, उपकार म्हणूनही नको. 'आम्ही काढून घेतला, ते चुकलं' एवढं त्याच्या बाबांच्या तोंडून आलं तर फारच उत्तम. न आलं तर तुम्ही म्हणा.

घाई का करते आहे, तर तुमच्याच पत्रात त्याचं उत्तर आहे. रुमाल कुलपात गेल्यावर केमिस्ट्री सुधारली असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. लिहिलंय ते हे: पुस्तक तासन्‌तास एकाच पानावर उघडं असतं, रात्री दोन वाजता तो कपाटासमोर उभा सापडतो, आणि आमटीभाताशिवाय काही खात नाही. आपल्याला वाटतं, मन म्हणजे पाटाचं पाणी. एका वाफ्याचं दार बंद केलं की पाणी आपोआप पुढच्या वाफ्यात जाईल. तुमच्या लेकाच्या बाबतीत तुम्ही वाफा नाही, पाटच बंद केलाय. त्याचं सगळं पाणी त्या एका पाटानं येतं, आणि केमिस्ट्रीला पोचायचं असेल तर तेही तिथूनच पोचतं.

ही माझ्या मनची गोष्ट नाही. डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन या तिघा अभ्यासकांनी २००५ मध्ये ऑटिझमकडे याच बाजूनं पाहायला सुचवलं. त्यातले लॉसन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बहुतेकांचं लक्ष एका वेळी चार वाटांनी फिरतं, ऑटिस्टिक माणसाचं एकाच वाटेनं, पण फार खोलवर जातं. त्या वाटेवरून ओढून काढलं तर त्याला नुसतं वाईट वाटत नाही, पायाखालची जमीनच जाते.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. वीसेक वर्षांपूर्वी तुमच्या घरात जे झालं तोच सल्ला मी एका घराला दिला होता. चौदा वर्षांची मुलगी होती, नद्यांचे नकाशे काढायची. उगम, उपनद्या, संगम, वह्यांमागून वह्या. आठवीत मार्क घसरले तेव्हा मी म्हटलं, वह्या काही महिने माळ्यावर ठेवून द्या. मुलगी जेवताना बोलायची ती बोलेनाशी झाली. मार्क आणखी घसरले. चार महिन्यांनी वह्या परत दिल्या तेव्हा मी समोर होते. तिनं त्या न उघडता आधी नंबरानं लावल्या आणि विचारलं, 'अकरावी कुठाय?' अकरावी वही रद्दीत गेली होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो. त्यानंतर हा सल्ला मी कुणालाही दिलेला नाही, आणि ज्यांना दिला होता त्यांना शोधून फोन केले.

तुम्ही पत्रासोबत लेकाच्या वहीच्या एका पानाची झेरॉक्स पाठवलीत. 'बघा, हे असलं दिवसभर चालतं' असं वर लिहिलंत. ते पान मी बराच वेळ पाहत बसले. डावीकडे त्यानं मूळ मोडी उतरवलीय. आधी रेघ आखून मग तिला अक्षरं लटकवली आहेत, जुने कारकून लिहीत तशी. उजवीकडे बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो, म्हणजे शब्द कुठे संपला हे अर्थावरूनच ठरवावं लागतं. त्यानं पेन्सिलीनं बारीक उभ्या रेघा मारून ते ठरवलंय. कागदावरचा काळ अरबी अंकशब्दांत, 'इसन्ने सबैन मया व अलफ' असा आहे. खाली हिशोब मांडलाय: दोन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे जुन्या कागदांतल्या शुहूर कालगणनेचं सन ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१. पुढे त्याची टीप: 'हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून कागद १७७२ चाही असू शकतो.' आणि एका नावापाशी प्रश्नचिन्ह. 'रखमाजी की रघमाजी? लिहिणारा तोच आहे, पान ४ पाहा.'

ताई, हे प्रश्नचिन्ह बघा. अंदाजानं नाव ठोकून देणं त्याला सहज शक्य होतं. त्यानं दिलं नाही. खात्री नाही तिथे थांबला, त्याच हाताचं दुसरं अक्षर शोधलं आणि कुठे शोधलं तेही लिहून ठेवलं. संशोधनाच्या विद्यार्थ्यांना हे शिकवता शिकवता मार्गदर्शक थकतात. आणि तुम्ही पत्रात लिहिता, 'याचं कशातच लक्ष नसतं.'

ऑटिझमला आपण मराठीत 'स्वमग्नता' म्हणतो. मला तो शब्द कधी पटला नाही. तुमचा मुलगा 'स्व'त नाही, अडीचशे वर्षांपूर्वी जमीन गहाण टाकणाऱ्या एका अनोळखी माणसाच्या नावात मग्न आहे. लग्नात तो विचारतो त्या प्रश्नाचंही तेच. आपण 'बरंय ना' म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातो. तो जे विचारतो त्याचं उत्तर त्याला खरोखर हवं असतं. त्याला एवढंच शिकवा की आधी 'दोन मिनिटं वेळ आहे का?' असं विचारायचं, आणि समोरचा नाही म्हणाला तर तो राग नसतो. प्रश्न बदलायची काहीच गरज नाही.

आता त्याच्या बाबांचा प्रश्न. मोडी वाचून पोट भरतं का? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. मुलाची काळजी असलेल्या बापाचा आहे, आणि त्याला सरळ उत्तर हवं.

मोडी व्यवहारातून विसाव्या शतकाच्या मध्याला गेली, पण कागद राहिले. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल आहेत, कोल्हापुरात करवीर संस्थानचे कागद आहेत, तमिळनाडूत थेट तंजावरपर्यंत मोडी पोचलेली आहे. तहसील कचेऱ्यांतले जुने दस्त, देवस्थानांच्या सनदा, घराघरांतल्या ट्रंका वेगळ्याच. वाचणारे मात्र थोडे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा मोडी जाणकारांची शोधाशोध करावी लागली, ते तुम्हीही पाहिलं असेल. म्हणजे गरज आहे. पण अशी कामं लाटेसारखी येतात आणि ओसरतात, बरीचशी कंत्राटी किंवा मानधनावरची असतात. निव्वळ मोडी वाचून घर चालवणारी माणसं थोडी. मोडीला इतिहास, फारसी, ग्रंथालयशास्त्र, नाहीतर संगणकाची जोड दिलेली माणसं मात्र टिकतात. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, तेव्हापासून स्कॅन करणं, नोंदी लावणं, संगणकाला ही अक्षरं ओळखायला शिकवणं अशी नवी दारं किलकिली झाली आहेत. सायन्सला असलेल्या मुलाला ती परकी नाहीत.

बाबांना आणखी एक सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा स्वतंत्र समावेश आहे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी चार टक्के जागा आहेत, त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी आहे. पुराभिलेख, पुरातत्त्व, सरकारी ग्रंथालयं ही सगळी सरकारी खाती आहेत. उद्या नोकरी मिळेलच असं मी म्हणत नाही. पण 'इंजिनिअरिंग नाहीतर अंधार' हे खरं नाही. मार्क नसलेली मुलं कलेला जातात ही समजूतही आता सोडायला हवी. ज्याला हा विषय हवाहवासा आहे त्यानं तो शिकावा, याहून साधं कारण दुसरं नाही.

मामांचं ऐकू नका. भाचा हुशार आहे हे त्यांना दिसलं, याबद्दल त्यांना धन्यवाद द्या आणि तिथेच थांबवा. नोंद शोधणारा माणूस घायकुतीला आलेला असतो. त्याच्या मुलाचा दाखला, प्रवेश, नोकरी त्या एका शब्दावर अडकलेली असते. 'रखमाजी की रघमाजी' हा तुमच्या लेकासाठी आनंदाचा प्रश्न आहे, तिथे तो भांडणाचा होईल. कुणीतरी त्याला म्हणेल, 'अरे, कुणबीच लिहिलंय, नीट बघ.' सतरा वर्षांच्या मुलाला त्या जागी उभं करू नये. त्याचं लिप्यंतर कुठेही दाखल करू देऊ नका, त्याच्या सहीनं तर अजिबात नको. आणि गणपतीत मांडवात उभं करून मोडी वाचून दाखवायला लावणं, व्हिडिओ काढून गावभर पाठवणं, तेही त्याला विचारल्याशिवाय नको. एकीकडे आपण छंद कुलपात घालतो, दुसरीकडे त्याला कमवायला लावतो. दोन्ही वेळी तो छंद मुलाच्या हातून आपल्या हातात येतो. तो मोठा होऊन अकाउंटंट झाला आणि रविवारी मोडी वाचत बसला, तरी ते चांगलंच आयुष्य आहे.

आता परीक्षा. तीन महिने उरलेत. आत्ता सायन्स सोडून कलेला जाण्याच्या फंदात पडू नका. बारावी कुठल्याही शाखेची असली तरी बी.ए.ला प्रवेश मिळतो, आणि त्याला तिथेच जायचं असेल तर त्याला पास होण्यापुरतेच मार्क हवे आहेत. हे त्याला आकड्यात सांगा. '३५ टक्के' हे त्याला कळेल. 'जीव लावून अभ्यास कर' यातून त्याच्या हाती काहीच लागत नाही. सीईटीचा क्लास घरात चालू असेल तर तो बंद करा. मोडीची वेळ ठरवून द्या, पण अभ्यास झाल्यावरची नव्हे. कॉलेजातून आल्या आल्या तासभर. दिवसभराचा गोंगाट तिथे उतरू दे, मग पुस्तक. केमिस्ट्रीची अभिक्रिया त्याला मोडीसारखी लावता येते का पाहा: डावीकडे मूळ, उजवीकडे अर्थ, जिथे अडला तिथे प्रश्नचिन्ह. टेंपल ग्रँडिन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अमेरिकन प्राध्यापिका शाळकरी वयात गुरं धरून ठेवायच्या यंत्रानं झपाटल्या होत्या. शाळेतल्या लोकांना ते विचित्र वाटायचं. विल्यम कार्लॉक नावाच्या विज्ञानशिक्षकांनी मात्र सांगितलं, ते यंत्र तुला शांत का करतं हे शोधायचं असेल तर विज्ञान शिकावं लागेल. त्या शिकल्या, पशुविज्ञानात डॉक्टरेट झाल्या. तुमच्या कनिष्ठ महाविद्यालयात असा एखादा शिक्षक आहे का, शोधा. एकच पुरतो.

आणि सवलती. अडीच-तीन तास पंख्याची करकर, सुपरवायझरच्या चपला, मागच्याचं पाय हलवणं, या सगळ्यात बसून पेपर लिहिणं त्याच्यासाठी काय असतं ते तुम्ही मला सांगायला नको. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दिव्यांग परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटं जादा मिळायला हवीत, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. राज्य मंडळही जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती देतं. त्याचा प्रस्ताव कनिष्ठ महाविद्यालयातून विभागीय मंडळाकडे जातो, तुमच्यासाठी कोल्हापूरला. शांत खोलीची विनंतीही त्यातच लेखी करा. आधीच उशीर झालाय, म्हणून उद्याच प्राचार्यांना भेटा.

यासाठी प्रमाणपत्र लागेल आणि साडेचार वर्षांच्या वयाची फाइल पुरणार नाही. दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करा. त्यानंतर जिल्हा शासकीय रुग्णालयात तपासणी होते. ऑटिझमसाठी भारतातच तयार झालेली ४० मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात. जाताना लहानपणीचे रिपोर्ट, शाळेचे शेरे, तुमच्या आठवणीतल्या गोष्टी दोन पानांवर लिहून न्या, कारण तपासणीच्या दिवशी नव्या खोलीत तो एकतर गप्प बसेल, नाहीतर सगळ्या प्रश्नांना चटचट उत्तरं देईल, आणि दोन्हींतून चुकीचाच समज होतो. ४० टक्के किंवा जास्त आले तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतल्या पाच टक्के राखीव जागांसाठी तो पात्र ठरतो. कमी आले म्हणून सगळं संपलं असंही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकाश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की ४० टक्क्यांची अट पुढे करून लेखनिक नाकारता येत नाही.

तुमची भीती मला कळते. सांगितलं तर दार बंद होईल. कायदा सांगतो, मान्यताप्राप्त संस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि वाजवी सोयी कराव्यात. कायद्यातलं वाक्य आणि खिडकीतला कारकून यांत अंतर असतं, तेही मी पाहिलंय. तरीही सांगा, ताई. न सांगण्याची किंमत तुम्ही बारा वर्षं भरत आलात. रोज शेजारी बसून तुम्ही जी सोय त्याला घरी करून दिलीत, ती कॉलेजात कुणाला तरी करावी लागेल, आणि माहीतच नसेल तर कोण करणार? माहीत नसलं की लोक स्वतःच्या मनानं नाव ठेवतात. उद्धट, विसराळू, घुम्या. त्यापेक्षा खरं नाव बरं.

सगळ्या वर्गाला सांगायची गरज नाही. प्राचार्य, एक शिक्षक आणि विद्यापीठात समान संधी कक्ष असेल तर तो. एक पान पुरे, आणि ते मुलानंच लिहावं: मला काय जमतं, कशाचा त्रास होतो, त्रास झाला की मी काय करतो, तेव्हा तुम्ही काय करावं. 'वेळापत्रक बदललं तर आदल्या दिवशी कळवा' एवढ्या एका ओळीनंसुद्धा खूप फरक पडतो.

पुण्याचं सांगते. तुमच्या पत्रात एका कोपऱ्यात एक वाक्य आहे: 'परवा मध्येच म्हणाला, पुण्यात अजून न वाचलेले रुमाल आहेत.' तुम्ही ते असंबद्ध बडबड म्हणून लिहिलंत. मला वाटतं, कुठे जायचंय हे त्यानं तुम्हाला सांगितलं. पत्रभर इंजिनिअरिंग, होस्टेल, मामा, बाबा, सगळ्यांची मतं आहेत. त्याचं मत म्हणून हे एवढंच वाक्य आहे.

पण जायचंय म्हणजे जूनमध्येच जायचं असं नाही. नवं शहर, नवी खोली, नवं जेवण, नवे शिक्षक, सगळं एका आठवड्यात अंगावर घेणं जड जातं. होस्टेलची खोली दोघांची-तिघांची, मेसमध्ये ताटांचा आवाज, रात्री बारानंतर गाणी. मला विचाराल तर पहिलं वर्ष घरून एसटीनं जाता येईल अशा सातारा-कराडच्या कॉलेजात करावं आणि महिन्यातून एकदा पुण्याला जावं. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून तिथे आहे, पुराभिलेखागार आहे. त्या वास्तू, ती शांतता, कागद हाताळण्याचे नियम त्याला आधी माहीत होऊ देत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्गही घेतं. त्यांची पुढची तारीख विचारून ठेवा. अशा वर्गांत निवृत्त शिक्षक, वकील, जमिनीचे कागद लावायला आलेले शेतकरी असे सगळे असतात. तुम्ही लिहिता त्याला एकही मित्र नाही. मित्र त्याच्याच वयाचा असला पाहिजे असं कुठे आहे? शेजारी बसून एकाच ओळीवर डोकं घालणारा सत्तरीचा माणूस त्याला जास्त जवळचा वाटेल. आणि तो म्हणाला, नाही, मला पहिल्या वर्षापासून पुण्यातच राहायचंय, तर एकट्याची छोटी खोली बघा आणि पहिले दोन-तीन महिने तुमच्यापैकी एकानं तिथे राहावं. एवढंही न जमलं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. घरी राहून पदवी होते. त्यात कमीपणा काही नाही.

परीक्षा ते कॉलेज या मधल्या महिन्यांत मात्र मोडी सोडून दुसऱ्या गोष्टी शिकवायच्या आहेत. एसटी चुकली तर काय करायचं. एटीएममधून पैसे काढणं. कपडे कधी धुवायचे, कारण त्याला ते मळलेले जाणवत नाहीत. ताप आला हे ओळखणं. परक्याला फोन करणं. सगळं एका वेळी नको, एकेक, लिहून, पुन्हा पुन्हा. तुम्ही इतकी वर्षं सगळं त्याच्या आधी करून ठेवलंत. ते प्रेमच होतं, पण आता हळूहळू हात काढा. काही दिवस तो उपाशी राहील, एखादी बस चुकेल. तुमच्या डोळ्यांदेखत चुकलेली बरी.

शेवटचं लिहिते, पण रुमाल परत दिल्यावर करायचं हे सगळ्यांत आधी आहे, कारण जिल्हा रुग्णालयात त्याला न सांगता नेता येणार नाही. काही महिन्यांत तो अठरा पूर्ण करेल. कॉलेजचे अर्ज, संमतीच्या सह्या, सगळं त्याच्या नावानं सुरू होईल. आपण इतरांपेक्षा वेगळे आहोत हे त्याला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला? लग्नातलं हसणं त्याला ऐकू येतं. त्याला फक्त कारण माहीत नाही, आणि कारण माहीत नसलं की माणूस दोष स्वतःवर घेतो.

तो जुने कागद वाचणारा मुलगा आहे. त्याच्याविषयीचा एक जुना कागद त्याच्याच घरात, शालूखाली आहे. लांबलचक समजावत बसू नका, रडू आलं तर येऊ द्या, पण भाषण नको. एखाद्या सकाळी, घरात पाहुणे नसताना, ती फाइल त्याच्यासमोर ठेवा आणि म्हणा, 'हे तुझं आहे.' तो ती त्याच्या पद्धतीनं वाचेल. आधी तारीख पाहील, मग सही कुणाची ते, मग अवघड शब्द वेगळे काढेल. विचारेल ते सांगा. तुम्हाला माहीत नसेल तिथे त्याच्यासारखंच प्रश्नचिन्ह करा. बहुधा तो विचारेल की इतकी वर्षं हा कागद कुठे होता. शालूखाली, असं सांगा. आणि का ठेवला होता, तेही.